वाकळीची पाठ

वाकळ हातात आली की मी आधी ती पालथी घालतो. वरची फुलं-पानं मी बघत नाही. परवा नातसुनेनं परभणीहून एक जाडजूड पांघरूण आणलं. वर मोर, मोराला पिसारा, सगळं होतं. मी ते उलटं केलं, तळहात फिरवला आणि परत तिच्या हातात दिलं. पोरं हसली. "आजोबा, भारीतलं हाय, दुकानदारच म्हणला." म्हणला असेल. दुकानदाराला त्याच्यात निजायचं नव्हतं, मला निजायचं होतं. तरी पोरांच्या हट्टापायी रात्री तेच घेतलं, तर खालचं कापड इतकं गुळगुळीत की पहाटेपर्यंत मी एकीकडं आणि पांघरूण एकीकडं. मी माझी जुनीच ओढून घेतली.

पाठ बघायची ही खोड मला गिरजामायनं लावली. पाठ म्हणजे वाकळीचं खालचं अस्तर, अंगाला लागतं ते.

मी शिकलेला माणूस नाही. निजामाच्या शाळेत दोन वर्षं अलिफ-बे गिरवलं, मराठी अक्षर पुढं मेंढरांमागं हिंडता हिंडता स्वतःच शिकलो. तेव्हा यात चुका निघतील. कुणी दाखवल्या तरी मी दुरुस्त करणार नाही. गिरजामायला बघितलेलं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही, म्हणून लिहितो.

राणीसावरगावच्या वरच्या अंगाला माळावर आमची वस्ती होती. आमचं मेंढरांचं घर, आणि मेंढरं कोंडायच्या वाड्याच्या काटेरी कुंपणाला लागूनच तिचं कुडाचं खोपट. नवरा पटकीच्या साथीत गेला तेव्हा लेक पारू तिच्या कडेवर होती. जमीन नव्हती. दिवसा दुसऱ्याच्या रानात खुरपायची आणि उरलेल्या उजेडात लोकांच्या वाकळी शिवायची. अंगानं उंच, हाडकुळी. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. सुई ओठात धरून बोलायची, त्यामुळं तिचं बोलणं नेहमी दातांतून यायचं आणि ती सदा रागावलेली आहे असंच नव्या माणसाला वाटायचं. अर्धा वेळ ती असायचीच रागावलेली.

तिच्याकडं कापड घेऊन गेलं की पहिल्यांदा ती ते उन्हात धरायची. मग एक टोक मनगटाच्या आतल्या बाजूला घासायची. मग दोन्ही हातांनी ताणून कानाजवळ नेऊन त्याचा आवाज ऐकायची. शेवटी कोपरा जिभेवर ठेवायची. एवढ्या चौकशीतून पास झालं तर ते पाठीला लागायचं, नसता आत भरायला जायचं. वरच्या बाजूला काहीही चालायचं तिला. वरचं तुमच्या हौसेचं, म्हणायची, पाठ माझी.

एकदा पाटलीणबाईंनी गड्याच्या डोक्यावर बोचकं देऊन सगळा सरंजाम धाडला. वर लावायला जरीकाठाचं लुगडं, आत भरायला मऊ धोतरं, आणि पाठीला बाजारातलं नवं कापड, खळ घालून ताठ केलेलं. गिरजामायनं ते उन्हात धरलं. पलीकडं गडी उभा होता.

"हितनं मला तुझ्या मिशा मोजता यायल्यात रे," ती म्हणाली. "जा घिऊन."

"बाई रागावतील."

"रागावू दी. बाईला म्हणावं, वरून जग बघतं, खालून अंग निजतं. जरीचं खाली लावायचं आसंल तर शिवते."

पाटलीणबाई रागावल्याच. दोन महिने बोलल्या नाहीत. मग एक दिवस स्वतः आल्या, नेसून नेसून लोण्यासारखं झालेलं आपलं जुनं लुगडं घेऊन. गिरजामायनं त्यांना बसायला पोतं टाकलं आणि काहीच झालं नाही अशी सुई ओवायला लागली.

बाजारात एक म्हातारा कापडवाला बसायचा. दख्खनी बोलायचा, सगळे त्याला चाचा म्हणायचे. गिरजामायनं त्याच्या ठाणाचं टोक जिभेला लावलं की तो दोन्ही हात वर करायचा.

"अगे माय, कपडा है ये, गूळ नहीं! चाटती कायको?"

"खळ किती हाय ते बघायले, चाचा. तुमी कापड कमी आन् पेजच जास्ती विकायलात."

आसपासचे हसायचे. चाचाही हसायचा आणि मग गाठोड्याच्या तळातून जुनेर काढायचा, शहरातल्या घरांतून गोळा केलेली वापरलेली लुगडी, धोतरं. ती तो तिच्यासाठीच राखून ठेवायचा. कारण तिचा एक कायदा होता आणि तो अख्ख्या पंचक्रोशीला पाठ होता. जित्या माणसाच्या अंगाखाली कोरं कापड घालायचं नाही. कोरं मढ्याचं. माणूस गेलं की त्याच्यावर जे घालतात ते कोरंच लागतं, पाणी न लागलेलं. मग जित्यालाही तेच कसं घालायचं? पाठीला कापड हवं ते दुसऱ्याच्या अंगावर झिजलेलं. "कापड माणसाळलं पायजे," ती म्हणायची, "कुत्रं माणसाळतं तसं. तवा ते चावत न्हाई."

आणि कुणी घाई केली, पाव्हणे यायचेत, लेक नांदायला जायचीय, आजच दे म्हणालं, की ती सुई ओठातून काढायची आणि स्पष्ट सांगायची, "वाकळीला घाई चालत न्हाई." एवढं बोलून सुई पुन्हा ओठात. पुढं बोलायची सोयच नाही.

पारूचं लग्न तिनं ताडकळसच्या शिवारातल्या एका वाडीत करून दिलं. आमच्याकडून गंगा, म्हणजे गोदावरी, ओलांडून दोन दिवसांची वाट. घर खाऊन-पिऊन सुखी, पण विहीणबाईंच्या जिभेला हाड नाही. लग्नानंतर साल-दीड सालात जगात लढाई पेटली, आणि ती लढाई आमच्या माळावर आली ती कापडाच्या रूपानं. म्हणजे कापड गेलं. चाचाचं गाठोडं दर बाजाराला लहान होत गेलं, आणि एक दिवस तो त्याच जागी चिंचा विकायला बसलेला दिसला. कापड कंट्रोलमध्ये गेलं, तालुक्याला, गंगाखेडला, चिठ्ठीवर.

त्या सालात आम्ही मेंढरं ताडकळसकडच्या रानात बसवली होती. मेंढरं भावावर सोपवून मी अधूनमधून गावाकडं यायचो. तेव्हा माझं लग्न झालेलं होतं, वय विशीच्या पुढं. दसऱ्याच्या सुमाराला पारूनं मला बांधावर गाठलं. पोटात सहावा-सातवा महिना असेल.

"दादा, आईला सांग, सासूबाई बाळंतपणाला धाडायला न्हाई म्हणायल्यात. म्हणत्यात, तुझ्या आईच्या घरात पांघराया चिंधी न्हाई, पुसाच्या थंडीत लेकरू काकडून मरायचं."

"मग?"

"मग काय. आईला म्हणावं बाळंतविडा हितंच घिऊन ये. वाकळ मातूर आण. दुसरं काय नगं."

मी येऊन सांगितलं. गिरजामाय उठून चुलीतलं लाकूड उगाच मागं-पुढं करत राहिली. बायकोनं नंतर मला सांगितलं, ती रडली. मी काही तिला रडताना बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती पाठीचं कापड शोधायला लागली. लहान लेकराची वाकळ, कापड लागून लागून किती लागणार? पण वापरलेलं, मऊ, धड असं दोन हात कापड गावात मिळेना. पूर्वी जे जुनेर म्हणून टाकलं जायचं ते आता लोक नेसत होते. ठिगळाला ठिगळ, फाटकं कापून जोडलेला दंड, दंडाला परत टाका. ती घरोघर गेली. ज्यांच्या वाकळी शिवल्या त्या सगळ्यांच्या दारात गेली. एका दारात मी तिच्याबरोबर होतो. तिनं हाक मारली तर आतून अंधारातून आवाज आला, "माय, आत येऊ नका. जाऊबाई लुगडं नेसून पाण्याला गेल्यात. त्या आल्या की मी बाहीर येते."

गिरजामाय तशीच मागं फिरली. वाटेत एकच बोलली, "पाटलिणीचं ते जरीचं हिच्या अंगावर टाकाया पायजे हुतं."

पाटलीणबाईंकडं तेवढी ती गेली नाही. मी म्हणालो जा म्हणून. म्हणाली, मी ज्याचं कापड नको म्हणून परत धाडलं त्याच्याकडं हात पसरू? मला ते पटलं. आज पटत नाही, पण तेव्हा पटलं हे लपवायचं कशाला.

शेवटी ती गंगाखेडला निघाली. पहिल्या खेपेला कंट्रोलच्या दुकानापुढं दिवसभर उभी राहिली आणि हात हलवत आली. दुसऱ्या खेपेलाही तेच. कापड येतं ते थोडं, आणि ते आधी लग्नाला नाहीतर मयताला, असं तिथं कळलं. मग रांगेतली माणसं एकमेकांत कुजबुजून ठरवायची, कुणाचा सासरा मारायचा, कुणाची चुलती. जिती माणसं कागदावर मरत होती. गिरजामायलाही कुणी हे सुचवलं तर ती थुंकली. "जित्याच्या नावानं मढ्याचं कापड? जीभ झडंल."

तिसऱ्या खेपेला मी बरोबर होतो. मार्गेसर महिना लागला होता. टेबलामागं एक चष्मेवाला कारकून होता, माणूस वाईट नव्हता, दमलेला होता.

"शादी या मय्यत?" त्यानं वर न बघता विचारलं.

मागचा माणूस तिला ढकलायला लागला.

"बोलो माय, शादी या मय्यत?"

"मयत," ती म्हणाली.

"कौन?"

"माजा धनी."

मी चपापलो. नवरा जाऊन सोळा-सतरा वर्षं झाली होती. पण खोटं कुठं होतं? कारकुनानं लेखणी उचलली. "नाम?"

आता आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. जिता असताना घेत नाहीत आणि मेल्यावर तर नाहीच. मी पुढं झालो, म्हणालो, "मी सांगतो साहेब." तिनं माझा दंड धरला.

"तू न्हे. जे हाय ते माजं हाय."

आणि तिनं नाव घेतलं. "सटवाजी." जन्मात पहिल्यांदा. इतक्या हळू घेतलं की कारकुनाला दोनदा विचारावं लागलं, म्हणून दोनदा घेतलं.

"घर में मरा?"

"घरातच."

कारकुनानं लिहिलं आणि आतल्या माणसाला सांगितलं, "अच्छा वाला दे रे. मय्यत का है." तो माणूस आत जाऊन आला. मांजरपाट होता, पण काय सांगू! दाट विणीचा, पन्ह्याला मोठा, किंमत सरकारी म्हणजे नावापुरती. युद्धाआधीच्या बाजारातही चाचाकडं तसा बघितला नव्हता. रांगेतली माणसं टकमक बघत होती. गिरजामायनं तो जिभेला लावला नाही. उन्हात धरला नाही. काखेत मारला आणि चालायला लागली. गंगेवर आल्यावर तिनं चुळा भरल्या. किती भरल्या ते मी मोजलं नाही, पण मी दोन बिड्या ओढल्या.

तिथून पुढं जे झालं ते कुणा परक्याला खरं वाटणार नाही. ते कापड तिला लगेच शिवता येईना. कोरं, आणि त्यात मयताच्या नावानं आणलेलं, आणि नाव तिनं तोंडानं घेतलेलं. त्यातला मयत काढल्याशिवाय ते नातवाच्या अंगाखाली कसं घालायचं? तिनं राखेच्या पाण्यात ते रात्रभर भिजवलं, ओढ्यावर नेऊन दगडावर आपटलं, वाळवलं. परत राखेचं पाणी. परत ओढा. असं सात वेळा. दर वेळी ऊन पुरतं खायला घालायची. मग ते माणसाळवायचं म्हणून आठ दिवस स्वतः अंगाखाली घेऊन निजली. मग आमच्या म्हाताऱ्या बापाकडं आणून दिलं.

"मामा, चार दिस ह्याच्यावर निजा."

"म्या कशाला?"

"तुमच्या अंगाला ऊब हाय. सत्तरीला टेकला तरी मरंना, असलंच अंग पायजे."

बाप खूश झाला. चार दिवस मुद्दाम दुपारचाही झोपला.

पुसाच्या सुरुवातीला मी परत ताडकळसकडं होतो. पारू बाळंत झाली होती, मुलगा. घराच्या पडवीत एका कोपऱ्यात गोणपाटाच्या आडोशाला तिची बाज होती. त्या सालासारखी थंडी मी नंतर बघितली नाही. सकाळी मेंढरांच्या पाठीवरची लोकर दवानं पांढरी असायची. विहीणबाईंनी आपली एक वाकळ दिली होती, पण तिच्यात सून आणि लेकरू दोघं मावत नव्हती, आणि रात्री दीर ती ओढून न्यायचा. लेकराला पारूनं पदरात गुंडाळलं होतं.

"दादा, आईची वाकळ?"

"व्हायलीय. कापड लय भारी मिळालंय."

"भारी नगं मला." तिचा आवाज चढला, मग सासूकडं बघून उतरला. "आईला म्हणावं कसलीबी आण. अर्धी आण, कोरी आण. पण बिगीनं आण."

मी दोन दिवस चालून गावात आलो आणि जसंच्या तसं सांगितलं. गिरजामाय अंगणात बसली होती. कापड आता खरंच मऊ झालं होतं. पाठीवर आतले थर मांडून ती टाके घालत होती, बारीक, ज्वारीच्या दाण्याएवढे, ओळीला ओळ लागून.

"कसलीबी?" तिनं सुई ओठातून काढली. "गिरजीची लेक म्हणती कसलीबी? त्या विहिणीनं हातात धरून पालथी घातली आन् पाठीला बोट लावलं तर? चिंधी न्हाई म्हणली न्हवं ती? बघू दी तिला चिंधी."

"पण थंडी लय हाय, माय."

"थंडी हाय म्हूनच. चार दिस. चार दिसांत हुतंय सगळं. वाकळीला घाई चालत न्हाई."

मी काय केलं? मी मान हलवली. मलाही वाटलं, आमच्या वस्तीची वाकळ त्या वाडीत जाणार तर अशी जावी की बघत राहावं. मी म्हणालो, "बरोबर हाय तुजं." हे तीन शब्द मी म्हणालो. ती माझं ऐकणारी नव्हती, मी नको म्हणालो असतो तरी तिनं ऐकलं नसतं. पण मी नको म्हणालो नाही.

चाराचे नऊ दिवस झाले. वाकळ पुरी झाली तेव्हा सगळी वस्ती बघायला आली. पाठीवर हात ठेवला तर कापड आहे असं वाटेना, दुसरा हातच वाटायचा. आम्ही दोघं निघालो. गंगा ओलांडली, एका देवळात मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीत पोचलो. ती सबंध वाट ती वाकळ डोक्यावर घेऊन चालली, माझ्या हातात दिली नाही.

दारात विहीणबाई बसली होती. उठली नाही, या म्हणाली नाही. आमच्याकडं बघून तिनं पदर तोंडाला लावला, तेव्हा मला कळलं. गिरजामायला कळलं नाही. ती डोक्यावरची वाकळ उतरवून उलगडायला लागली, आणि पाठ वर करून विहिणीपुढं धरली.

"परवाच्या सकाळी गेलं," विहीणबाई म्हणाली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, भांडण असतं तर बरं झालं असतं. "छाती भरली हुती. सुईणीनं शेक दिला, काय उपेग झाला न्हाई. कोरं कापड सुदिक मिळालं न्हाई हो. पोराच्या बापानं पटक्याचं टोक फाडून दिलं."

थंडीनं गेलं का दुसऱ्या कशानं गेलं, कोण सांगणार? त्या साली लेकरं घरोघर जात होती. हे मी गिरजामायला पुढं शंभर वेळा सांगितलं.

ती वाकळ तशीच हातांवर धरून आत गेली. पारू बाजेवर भिंतीकडं तोंड करून निजली होती. गिरजामायनं वाकळ तिच्या अंगावर घातली. पारूनं तोंड वळवलं नाही. एक हात तेवढा बाहेर काढला, वाकळीची कड उलटी केली आणि पाठीवरून बोटं फिरवली.

"झाली का मऊ, आई?" ती म्हणाली. आणि वाकळ अंगावरून खाली ढकलून दिली.

त्यानंतर ती आईशी बोलली नाही. त्या दिवशी नाही, पुढंही नाही. माहेरी आली नाही. मी मेंढरं घेऊन गेलो की मला भाकरी द्यायची, माझ्या बायकोची, म्हाताऱ्याची चौकशी करायची. गिरजामायचं नाव काढलं की भांडी घासायला उठायची.

गिरजामायनं वाकळ परत आणली आणि बसून तिचे सगळे टाके उसवले. ते दाण्याएवढे टाके सुईच्या टोकानं एकेक उचलून काढायला तिला शिवण्याइतकेच दिवस लागले. आतलं भरण लोकांना देऊन टाकलं. पाठीचं कापड घडी करून वलणीवर टाकलं. ते तिथंच राहिलं. पुढची चार वर्षं तिनं कुणाची वाकळ शिवली नाही. बायका कापडं घेऊन यायच्या तर म्हणायची, डोळं गेलं. डोळे शाबूत होते, माळावरून येणारं माणूस ती कोसावरून ओळखायची. ताडकळसच्या वाटेकडं तोंड करूनच बसायची ना.

मग रझाकाराचं साल आलं. आजूबाजूची गावं घरंदारं सोडून उठायला लागली. कुठं दाणागोटा लुटला, कुठं घरं पेटवली, अशा बातम्या रोज. त्या सालच्या पुसात माझी बायको बाळंत झाली. बाराव्या दिवशी, भर दुपारी, पलीकडच्या वाडीतून धूर निघालेला दिसला आणि आमच्या वस्तीनं बोचकी बांधली. डोंगरात शिरायचं, तिथून पुढं निजामाच्या सरहद्दीकडं सरकायचं, असं ठरलं. वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. मी बापाला घोड्यावर बसवत होतो, तेवढ्यात गिरजामाय काहीतरी छातीशी धरून धावत आली. तिला धावताना मी पहिल्यांदाच बघितलं.

ते वलणीवरचं कापड होतं. त्यावर तिनं आपल्या दोनांपैकी धड असलेलं लुगडं दुमडून घातलं होतं आणि तीन ओळी टाके मारले होते, लांब लांब, बोटभर, वेडेवाकडे. चौथी ओळ चालू होती. सुई तिच्या हातातच होती.

"माय, ही तर अर्धीच हाय," माझी बायको म्हणाली.

"अर्धी तर अर्धी. आधी गुंडाळ." तिनं स्वतःच लेकरू उचललं, गुंडाळलं, बायकोच्या छातीशी दिलं.

मी म्हणालो, "तूबी चल. हितं एकटी काय करतीस?"

"मी कुठं येऊ? पारू आली आन् दाराला कडी दिसली तर?"

"चार सालांत आली न्हाई ती."

"म्हून तर," ती म्हणाली.

तिच्याशी वाद घालायला वेळ नव्हता. असता तरी मी जिंकलो नसतो.

आम्ही परत आलो ते भादव्यात, पोलीस ॲक्शन झाल्यावर. वस्तीतली निम्मी घरं जळाली होती. गिरजामायचं खोपट उभं होतं, ती नव्हती. मागं राहिलेला एक म्हातारा म्हणाला, माघातच गेली, तापानं. तिच्यावर कोरं कापड घातलं का नाही, त्याला आठवत नव्हतं. मी ताडकळसला जाऊन पारूला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दार लावलेलं हुतं का रं, दादा?" मी म्हणालो, "उघडं हुतं." म्हातारा तसंच म्हणाला होता.

त्या वाकळीत माझा मुलगा जगला. त्याच्या मागची तीन लेकरंही तिच्यातच वाढली. नंतर तिला भरण घालून मोठी केली, वरची बाजू दोनदा बदलली. ती चौथी ओळ मी कुणाला पुरी करू दिली नाही. परवा रात्री नातसुनेचा मोर बाजूला सारून मी ओढून घेतली ती हीच.

गिरजामाय मला शेवटची दिसते ती अशी. माझी बायको लेकरू घेऊन पुढं निघाली आहे. दोरा अजून वाकळीत आहे आणि त्याचं दुसरं टोक गिरजामायच्या सुईत. दोरा ताणला तशी ती बायकोच्या मागं चार पावलं चालली, मग आणखी चार. कुंपणापाशी आल्यावर ती थांबली. वाकून तिनं दोरा दातांनी तोडला. मी उभा राहून बघत होतो, तर सुई ओठात न धरता, तोंड मोकळं ठेवून, माझ्यावर ओरडली, "बघत काय बसलास रे? पळ!"